मेंदूतील पाणी आणि बदललेला माणूस: नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसमधील मानसिक लक्षणे

सत्तरीच्या आसपासचे एखादे गृहस्थ हळूहळू अबोल होत जातात. सकाळचे वर्तमानपत्र मांडीवर तसेच पडून राहते, नातवंडे आली तरी ते खुर्चीतून उठत नाहीत, आणि कुणी चौकशी केली तर 'बरं आहे' यापलीकडे काही बोलत नाहीत. घरच्यांना वाटते की निवृत्तीनंतर मन रमत नसेल, किंवा वयोमानाने असे होतच असेल. याच सुमारास ते पाय घासत चालू लागलेले असतात आणि स्वच्छतागृहापर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले होण्याचे प्रसंग घडू लागलेले असतात. पण गुडघ्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञ, लघवीसाठी मूत्ररोगतज्ज्ञ आणि अबोलपणासाठी मानसोपचारतज्ज्ञ अशी तक्रारींची वाटणी झाल्यामुळे या सगळ्याचे मूळ एकाच ठिकाणी असू शकेल, हा विचार बराच काळ कुणाच्या मनात येत नाही. अशा काही रुग्णांमध्ये ते मूळ मेंदूतील पोकळ्यांमध्ये साठत गेलेल्या द्रवात असते. या आजाराला नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, संक्षेपाने एनपीएच, असे म्हणतात.

एनपीएचची माहिती देताना बिघडलेली चाल, मंदावलेली विचारशक्ती आणि लघवीवरचा सुटलेला ताबा ही तीन लक्षणे हमखास सांगितली जातात. निदानाची सुरुवात त्यांच्यापासूनच होते, त्यामुळे ते योग्यच आहे. मात्र स्वभावातील आणि भावनांमधील बदल बहुतेक वेळा शेवटी एका ओळीत उरकले जातात, आणि माझ्या मते ही मोठी उणीव आहे, कारण रुग्ण आणि घरचे यांच्यात दुरावा निर्माण होतो तो चालीमुळे नव्हे, तर या बदलांमुळे. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात एनपीएचच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये कोणते ना कोणते मानसिक लक्षण आढळले होते. म्हणजेच मानसिक लक्षणे हा या आजारातील अपवाद नसून त्याचाच एक भाग आहे.

आजार नेमका काय आहे

मेंदूच्या आत एकमेकींना जोडलेल्या चार पोकळ्या असतात. त्यांच्यामध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात. प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाकाठी साधारण ५०० मिलिलिटर सीएसएफ तयार होतो, पण कोणत्याही क्षणी मेंदू आणि मज्जारज्जूभोवती मिळून तो सुमारे १५० मिलिलिटरच असतो. याचा अर्थ असा की हा द्रव दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण बदलला जातो. पोकळ्यांतून बाहेर पडून तो मेंदूच्या पृष्ठभागावरून फिरतो आणि शेवटी रक्तात शोषला जातो. या प्रवाहाचा आणि शोषणाचा तोल बिघडला की पोकळ्या रुंदावू लागतात.

हे एकाएकी घडले तर डोक्यातील दाब झपाट्याने वाढतो, आणि मग तीव्र डोकेदुखी, उलट्या, गुंगी अशी लक्षणे दिसतात, जी कुणाच्याही नजरेतून सुटत नाहीत. एनपीएचमध्ये मात्र सगळे संथपणे, महिनोन्महिने चालू असते, आणि पाठीच्या मणक्यांमध्ये सुई घालून मोजलेला दाब सामान्य मर्यादेत भरतो. दाब दीर्घकाळ मोजत राहिल्यास तो अधूनमधून, विशेषतः झोपेत, लाटांसारखा वाढताना दिसतो. तरीही पोकळ्या नेमक्या का रुंदावतात, यावर तज्ज्ञांचे अजून पूर्ण एकमत झालेले नाही. द्रवाचे शोषण मंदावणे, उतारवयात रक्तवाहिन्या ताठर झाल्याने नाडीच्या प्रत्येक ठोक्याचा मेंदूवर पडणारा ताण वाढणे, अशी अनेक कारणे पुढे केली जातात.

१९५७ साली कोलंबियातील बोगोटा येथे सालोमोन हाकिम या न्यूरोसर्जनसमोर अपघातात डोक्याला मार लागलेला १६ वर्षांचा एक मुलगा आला. त्याच्या मेंदूतील पोकळ्या फुगलेल्या होत्या, पण दाब मोजला तर तो वाढलेला नव्हता. तरीही थोडा द्रव काढून घेतल्यावर मुलाची स्थिती सुधारली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे असे होणे अपेक्षित नव्हते. हाकिम यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा सोडला नाही. १९६४ मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला आणि १९६५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील रेमंड ॲडम्स व सहकाऱ्यांबरोबर या आजाराचे वर्णन वैद्यकीय जगापुढे मांडले.

मेंदूतील रक्तस्राव, डोक्याला इजा किंवा मेंदूज्वर यांच्यानंतर होणारा एनपीएच कोणत्याही वयात होऊ शकतो. ज्येष्ठांमध्ये दिसणारा प्रकार मात्र असे काही पूर्वकारण न सापडता उद्भवतो. स्वीडनमधील एका पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ७० ते ७९ या वयोगटात त्याचे प्रमाण ०.२ टक्के, तर ८० आणि त्यापुढील वयात ५.९ टक्के होते. हे आकडे पाहता हा आजार दुर्मीळ आहे असे म्हणवत नाही. तो ओळखला जात नाही, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

द्रव साठतो तेव्हा स्वभाव का बदलतो

मेंदूतील दोन मोठ्या पोकळ्यांची पुढची टोके कपाळामागच्या भागात, म्हणजे फ्रंटल लोबमध्ये, खोलवर शिरलेली असतात. त्यांच्या कडेने कॉडेट नावाचे केंद्र असते आणि भोवतीने फ्रंटल लोबला मेंदूच्या खोल भागांशी जोडणारे मज्जातंतूंचे जुडगे जातात. पोकळी रुंदावली की हेच तंतू ताणले जातात, दाबले जातात, आणि तिथला रक्तपुरवठा कमी पडू लागतो. ओढा फुगला की आधी काठची पायवाट पाण्याखाली जाते, टेकडीवरच्या वस्तीला मात्र धक्का लागत नाही, तसेच काहीसे येथे होते. मेंदूच्या पृष्ठभागावरची कामे, म्हणजे भाषा समजणे, माणसे ओळखणे, वस्तूंची नावे सांगणे, बराच काळ शाबूत राहतात. पण त्या क्षमतांना कामाला लावणारे जोडमार्ग मंदावतात. अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच नव्या गोष्टी पुसल्या जातात, तर एनपीएचच्या रुग्णाला वेळ दिला किंवा थोडी आठवण करून दिली तर गोष्ट पुष्कळदा आठवते. हा फरक याच रचनेतून येतो.

फ्रंटल लोबमधून निघणाऱ्या या जोडमार्गांची कामे वाटलेली आहेत. एक मार्ग काम आखणे, क्रम लावणे आणि एका कामावरून दुसऱ्याकडे वळणे यांच्याशी निगडित आहे. दुसरा 'उठावे आणि करावे' ही आतून येणारी चालना देतो. तिसरा अनुचित गोष्टींना आवर घालतो. पायांच्या हालचालींचे आणि मूत्राशयावरील नियंत्रणाचे तंतूही याच परिसरातून जातात. चाल, लघवी आणि वागणूक यांचा बिघाड एकाच सुमारास होण्याचे कोडे त्यामुळे बरेचसे उलगडते. रुग्णाच्या मनाने काही ठरवून असे केलेले नसते, आणि घरच्यांच्या वागण्याचा त्याने धसका घेतलेला असतो असेही नाही. चालना देणारा मार्गच मंदावलेला असतो. ही एक गोष्ट कुटुंबाला नीट समजावून सांगितली, तर पुढचा पुष्कळ मनस्ताप टळतो.

सांगितले तर करतात, आपणहून करत नाहीत

एनपीएचमधील मानसिक लक्षणांमध्ये सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे अनास्था, म्हणजेच कशाचीही ओढ न वाटणे. जपानमधील अभ्यासांतही तेच अग्रभागी दिसले आहे. ताट समोर ठेवले तर रुग्ण जेवतो, पण भूक लागली असे म्हणत नाही. आंघोळीचे पाणी काढून, टॉवेल हातात देऊन 'चला' म्हटले तर आंघोळ करतो, एरवी दुपारपर्यंत तसाच बसून राहतो. प्रश्न विचारला तर उत्तर येते, पण इतक्या उशिराने की विचारणारा तोवर दुसरीकडे वळलेला असतो. मुलीच्या घरी बाळ झाल्याची बातमी सांगितली तर 'हो का' म्हणतो आणि पुन्हा खिडकीकडे पाहू लागतो. घरच्यांना हे शेवटचे फार लागते. ज्याने आयुष्यभर सगळ्यांसाठी धावपळ केली, त्याला आता आपले काहीच वाटत नाही, असा त्यांचा समज होतो. 'सांगितले तर करतात, आपणहून काही करत नाहीत' हे वाक्य घरच्यांच्या तोंडून आले, तर ऐकणाऱ्या डॉक्टरांनी तिथे थांबून चाल आणि लघवीबद्दल विचारायला हवे.

या अनास्थेला नैराश्य समजण्याची चूक सहज होते, कारण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फरक आत डोकावल्यावर कळतो. नैराश्य असलेल्या माणसाला दुःख होत असते. त्याला रडू येते, आपण सर्वांवर ओझे झालो असे वाटते, जुन्या गोष्टींबद्दल अपराधी वाटते, पुढे काही चांगले घडेल अशी आशा उरत नाही, आणि कधी जगणेच नको वाटते. अनास्थेत यांपैकी काहीच नसू शकते. 'तुम्हाला कशाचे वाईट वाटते का?' असे विचारले तर रुग्ण सरळ 'नाही' म्हणतो, आणि ते खरे असते. त्याला स्वतःला त्रास होत नाही. त्रास होतो तो पाहणाऱ्यांना.

ज्येष्ठांमधील नैराश्य तपासण्यासाठी ज्या प्रश्नावल्या वापरतात, त्यांच्यामुळेही गोंधळ वाढू शकतो. पूर्वीचे छंद आणि कामे सोडली आहेत का, बाहेर जाण्यापेक्षा घरीच बसावेसे वाटते का, अंगात उत्साह वाटतो का, असे प्रश्न त्यांत असतात. ज्याचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले आहेत आणि ज्याला बाहेर गेल्यावर स्वच्छतागृह सापडेल की नाही याची धास्ती आहे, तो या प्रश्नांना नैराश्य नसतानाही 'हो, सोडली' आणि 'हो, घरीच बरे' असेच उत्तर देणार. म्हणून नुसते गुण मोजून भागत नाही. प्रत्येक उत्तरामागचे कारण विचारावे लागते.

याचा अर्थ एनपीएचमध्ये खरे नैराश्य नसते असा अजिबात नाही. स्वीडनमध्ये शंटची, म्हणजे मेंदूतील जादा द्रव बारीक नळीवाटे पोटात उतरवण्याची, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तुलना सर्वसाधारण लोकांशी केली असता नैराश्याची लक्षणे रुग्णांपैकी ४६ टक्क्यांमध्ये, तर इतरांपैकी १३ टक्क्यांमध्ये आढळली. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरही या प्रश्नाकडे लक्ष द्यावे लागते. मेंदूतील बदल हे त्याचे एक कारण असेल, पण परिस्थितीही कमी जबाबदार नसते. वारंवार पडणे, चारचौघांत कपडे ओले होण्याची लाज, लग्नकार्याला जाणे टाळावे लागणे, कालपर्यंत एकट्याने केलेल्या बँकेच्या कामासाठी आज मुलाचा हात धरावा लागणे, हे सारे सोसणाऱ्या माणसाचे मन खचले तर नवल नाही. अनास्था आणि नैराश्य एकाच व्यक्तीत एकत्रही असू शकतात. त्यामुळे मरणाचे विचार येतात का, हा प्रश्न संकोच न करता प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे. तो विचारल्याने असे विचार मनात भरत नाहीत.

चिंतेचे स्वरूप बहुधा पडण्याच्या भीतीभोवती फिरते. रुग्ण उभा राहताना कुणाचा तरी दंड घट्ट धरतो, वळताना जागच्या जागी थबकतो, एकटे सोडले की अस्वस्थ होतो. ही भीती निराधार नसते. मात्र तिच्यामुळे चालणे आणखी कमी होते आणि त्यातून पाय आणखी दुबळे होतात.

ज्या गोष्टी घराबाहेर सांगितल्या जात नाहीत

काही रुग्णांमध्ये अनास्थेच्या उलट चित्र दिसते. क्षुल्लक कारणावरून संताप, कधी न काढलेले अपशब्द, पाहुण्यांसमोर अशोभनीय बोलणे, क्वचित कुणाच्या अंगाला नको तसा स्पर्श करणे, असे वर्तन घडू लागते. आवर घालणारा मार्ग दुबळा झाल्याचा तो परिणाम असतो. हे प्रकार अनास्थेपेक्षा कमी आढळतात, पण ते जेवढे आढळतात त्याहूनही कमी सांगितले जातात. सभ्य म्हणून ओळखल्या गेलेल्या वडिलांबद्दल असे काही डॉक्टरांपुढे बोलणे मुलांना आणि सुनांना जड जाते, आणि ते स्वाभाविक आहे. पण ही माहिती निदानासाठी मोलाची असते. रुग्णासमोर बोलणे अवघड वाटत असेल तर वेगळी वेळ मागावी किंवा कागदावर लिहून द्यावे. डॉक्टरांसाठी अशी नोंद ही तक्रार नसून लक्षण असते.

संशय, भ्रम आणि भास हे त्याहून विरळ आहेत, तरी ते एनपीएचमध्ये नोंदले गेले आहेत. पैसे चोरीला गेले, जेवणात काही कालवले, शेजारी पाळत ठेवतात, असे रुग्ण ठामपणे सांगू लागतो. उन्मादाच्या अवस्थेसारखी, म्हणजे झोप न लागता बडबड आणि उत्साह वाढण्याची, उदाहरणेही वैद्यकीय लेखांमध्ये आहेत, आणि त्यांतल्या काही रुग्णांची ही लक्षणे शंटनंतर ओसरल्याचे लिहिलेले आहे. फिनलंडमधील संशोधकांना एनपीएचच्या रुग्णांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण तिथल्या सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे तिप्पट आढळले. या दोहोंचा परस्परसंबंध काय, हे त्यावरून ठरत नाही. पण वर्षानुवर्षे स्किझोफ्रेनियाचे औषध घेणाऱ्या व्यक्तीची चाल उतारवयात बिघडली तर ती औषधामुळेच असणार असे गृहीत धरून थांबू नये, एवढा बोध त्यातून नक्की घेता येतो.

भासांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. नसलेली माणसे किंवा प्राणी स्पष्ट आणि वारंवार दिसत असतील, तर ल्युई बॉडी डिमेन्शिया या वेगळ्या आजाराची शक्यता तपासावी लागते. आणि बदल एक-दोन दिवसांत अचानक झाला असेल, तर तो एनपीएचचा स्वभाव नव्हे. लघवीतील जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, नवे औषध किंवा पडल्यामुळे मेंदूभोवती झालेला रक्तस्राव अशा कारणांचा शोध तातडीने घ्यावा लागतो.

गोळ्यांचा गुंता

मानसिक लक्षणे हाच आजार समजून उपचार सुरू झाले की कधी कधी एक दुष्टचक्र तयार होते. चिडचिड किंवा संशय कमी व्हावा म्हणून अँटिसायकोटिक गटातील औषध दिले जाते. या औषधांमुळे शरीराची हालचाल ताठर आणि मंद होऊ शकते, आणि एनपीएचच्या रुग्णाची चाल आधीच बिघडलेली असते. चाल आणखी खालावली की पार्किन्सनचा संशय येतो आणि त्याच्या गोळ्या सुरू होतात. त्यांच्यामुळे भास वाढू शकतात. दुसरीकडे लघवीची घाई थांबावी म्हणून दिल्या जाणाऱ्या काही जुन्या गोळ्या, उदाहरणार्थ ऑक्सिब्युटिनिन, ज्येष्ठांमध्ये स्मरणशक्ती मंदावतात आणि गोंधळ वाढवतात. झोपेसाठी दिलेल्या बेन्झोडायझेपिन गटातील गोळ्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. यांतल्या कोणत्याही डॉक्टरांनी एकेकट्याने पाहता चुकीचे काही केलेले असेलच असे नाही, पण सर्व चिठ्ठ्या एकत्र मांडून पाहणारे कुणी नसते. रुग्णाला चालू असलेल्या सगळ्या औषधांची एकच यादी करून ती प्रत्येक डॉक्टरांना दाखवणे, हे काम घरातील एका व्यक्तीने स्वतःकडे घ्यावे. गोळ्या आपल्या मनाने बंद मात्र करू नयेत, कारण काही औषधे एकदम थांबवल्यास नवीनच त्रास उद्भवतात.

खरे नैराश्य असेल तर त्यावर औषधोपचार जरूर करावा. त्यासाठी सध्या बहुधा एसएसआरआय गटातील औषधे निवडतात. ज्येष्ठांमध्ये त्यांच्यामुळे सोडियम घटू शकते, म्हणून रक्त तपासून घेतात. अनास्थेवर मात्र खात्रीचे औषध नाही. तिथे दिनक्रमाचा आधार उपयोगी पडतो: रोज ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट, एका वेळी एकच सूचना, आणि 'काय करूया?' असे विचारण्याऐवजी 'चला, गच्चीवर जाऊ' असे म्हणून हात पुढे करणे. उत्तरासाठी थांबण्याची तयारी ठेवली, तर गप्प वाटणारा माणूस अनेकदा बोलतो.

निदान: पाठीतून पाणी काढून चाल पाहणे

मेंदूच्या सीटी किंवा एमआरआय तपासणीत पोकळ्या रुंदावलेल्या दिसणे आवश्यक असते. पोकळ्यांच्या पुढच्या टोकांची रुंदी आणि कवटीची आतली रुंदी यांचे गुणोत्तर ०.३ पेक्षा अधिक असल्यास त्या मोठ्या मानतात. पण वयामुळे किंवा अल्झायमरमुळे मेंदू आकसला तरी पोकळ्या मोठ्या दिसतात, म्हणून रेडिओलॉजिस्ट आणखी काही खुणा पाहतात. माथ्याकडील खाचा घट्ट मिटलेल्या आणि बाजूच्या खाचा मात्र रुंद असतील, तर एनपीएचकडे कौल झुकतो. विचारशक्ती तपासताना नुसती तारीख-वार आणि तीन शब्दांची आठवण पुरत नाही. फ्रंटल लोबचे काम कळण्यासाठी घड्याळाचे चित्र काढणे, एका मिनिटात जास्तीत जास्त शब्द सांगणे, आकडे आणि अक्षरे आळीपाळीने जोडणे अशा चाचण्या घेतात. थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व यांची तपासणीही करून घेतात.

यानंतर टॅप टेस्ट येते. आपल्याकडे घरोघरी तिला पाठीतून पाणी काढणे म्हणतात, आणि पक्षाघात होईल या भीतीने पुष्कळ जण तिला नकार देतात. सुई कमरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, त्यामुळे या भीतीला आधार नाही. चाचणीआधी रुग्णाला ठरावीक अंतर चालायला लावतात. किती सेकंद लागले, किती पावले पडली, वळताना किती पावले घ्यावी लागली, हे टिपून ठेवतात. मग ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढतात आणि काही तासांनी तेच चालणे पुन्हा मोजतात. जो माणूस वळण्यासाठी जागच्या जागी आठ-दहा पावले टाकत होता तो तीन-चारांत वळला, तर शंटचा उपयोग होण्याची शक्यता वाढते. निर्णय प्रामुख्याने चालीवरच घेतात, पण घरच्यांनी पुढचा एक-दोन दिवस वागण्याकडेही लक्ष द्यावे. आपणहून चहा मागणे, फोनवर दोन वाक्ये जास्त बोलणे, समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहणे अशा बारीक गोष्टी टिपून ठेवाव्यात आणि आधीचे व नंतरचे चालणे मोबाइलवर चित्रित करावे. चाचणीत फरक पडला नाही म्हणजे शंटचा उपयोग होणारच नाही असेही नसते. शंका उरली तर कमरेतून बारीक नळी घालून तीन दिवस थोडा थोडा द्रव काढून पाहतात.

शंटनंतर काय परत येते

शंट म्हणजे मेंदूच्या पोकळीतून त्वचेखालून पोटापर्यंत नेलेली बारीक नळी आणि तिच्यावरची झडप. जादा द्रव पोटात उतरतो आणि तिथे शोषला जातो. हल्लीच्या अनेक झडपांची पातळी शस्त्रक्रिया न करता, बाहेरून चुंबकीय उपकरणाने बदलता येते. अशा रुग्णाचा पुढे कधी एमआरआय झाला तर झडपेची पातळी त्यानंतर तपासून घ्यावी लागते.

२०२५ मध्ये या शस्त्रक्रियेची एक महत्त्वाची चाचणी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ९९ रुग्णांना शंट बसवला होता, पण साधारण निम्म्या रुग्णांची झडप सुरुवातीचे तीन महिने द्रव जवळजवळ वाहणार नाही अशा पातळीवर ठेवली होती. ज्यांचा शंट वाहता होता, त्यांचा चालण्याचा वेग तीन महिन्यांत सेकंदाला ०.२३ मीटरने वाढला, इतरांचा केवळ ०.०३ मीटरने. पडण्याच्या घटनाही पहिल्या गटात कमी होत्या, २४ टक्के विरुद्ध ४६ टक्के. मात्र विचारशक्ती आणि लघवीच्या मापनात तेवढ्या काळात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही, आणि मेंदूभोवती रक्त साचण्याचे प्रमाण वाहत्या शंटच्या गटात १२ टक्के, तर दुसऱ्यात २ टक्के होते. 'बरा होणारा स्मृतिभ्रंश' असे एनपीएचचे वर्णन केले जाते, ते मला म्हणूनच अपुरे आणि काहीसे दिशाभूल करणारे वाटते. बऱ्याच रुग्णांमध्ये अल्झायमरचे बदलही सोबत असतात, आणि तेवढा भाग शंटने बदलत नाही.

मानसिक लक्षणांचे काय होते, याची उत्तरे रुग्णागणिक वेगळी आहेत. काहींची अनास्था कमी होते आणि घरच्यांना 'आमचे पूर्वीचे बाबा परत आले' असे वाटते. काहींचे पाय सुधारतात पण उत्साह येत नाही. पाय चालू लागले, बाहेर पडता येऊ लागले की परिस्थितीमुळे आलेले नैराश्य ओसरायला मदत होते, परंतु नैराश्याचे स्वतंत्र उपचार शंटच्या भरवशावर पुढे ढकलू नयेत. आजार जितका लवकर ओळखला जाईल तितका लाभ अधिक, हे साधारणपणे खरे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनशी बोलताना कोणत्या लक्षणात किती सुधारणा अपेक्षित आहे, हे प्रत्येक लक्षणाचे नाव घेऊन विचारावे.

शंटनंतरच्या काळात वागण्यात झालेला नवा बदल हा पुन्हा मनाचा प्रश्न समजून घरी थांबणे धोक्याचे ठरू शकते. रुग्ण एकाएकी जास्त झोपू लागला, असंबद्ध बोलू लागला, उभे राहिल्यावर डोके दुखते म्हणाला किंवा सुधारलेली चाल पुन्हा बिघडली, तर नळी तुंबली आहे का, द्रव गरजेपेक्षा जास्त वाहतो आहे का, की मेंदूभोवती रक्त साचले आहे, हे पाहण्यासाठी त्याच दिवशी न्यूरोसर्जनशी संपर्क साधावा. ताप किंवा नळीच्या मार्गावर लाली आणि सूज दिसली तर जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो. झडपेची पातळी बदलल्यानंतरचे काही दिवस घरच्यांनी चाल, झोप आणि बोलणे यांची रोज दोन ओळींची नोंद ठेवली, तर पुढच्या भेटीत ती पातळी तशीच ठेवायची की बदलायची, हे ठरवणे डॉक्टरांना खूप सोपे जाते.